गप्प बसा, मामा भाव सांगतायत

बोलण्याआधी मामा तळहात वर करायचे. हवा गिळायचे आणि ढेकरासारखा घोगरा शब्द बाहेर काढायचे, “थांब. हवा भरतो.” लोकहो, आपण फुकटच्या हवेवर किती वायफळ बोलतो, हे त्यांच्याजवळ बसल्यावर कळायचं.

मामा साताऱ्याकडचे, कोपरखैरण्यात आमचे शेजारी. एपीएमसीच्या फळबाजारात एका दलालाच्या गाळ्यावर आंबा विकायचे. घशाच्या कॅन्सरात त्यांचं स्वरयंत्र काढलं. श्वास मानेवरच्या भोकातून, त्यावर मामींनी शिवलेला मलमलीचा पट्टा. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेतून बोलायला शिकता येतं. पण चारचौघांत ढेकर देत बोलायची मामांना लाज. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून निजायचे.

शेवटी हमालांनीच त्यांना गाळ्यावर नेलं. तिथे जो तो कानाशी ओरडू लागला, “मामाऽऽ! जेवण जातंय काऽऽ?”

मामांनी दोन्ही कानांत बोटं घातली. म्हणजे नरडं गेलंय, कान गेलेले नाहीत! सगळा गाळा हसला.

फळबाजाराची रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी ठरवायचा. मुक्या मामांना ते जमलं. माणूस पुन्हा उजळला.

आणि मी नेमका त्याच रीतीविरुद्ध पत्रकं वाटत होतो. ‘शेतकऱ्याच्या घामाचा भाव झाकता का? उघड बोला!’

मामी दारातच कडाडल्या, “आरं मुडद्या, त्यांची जीभ त्या रुमालात हाय. ती बी कापतोस व्हय?”

मी पत्रक मात्र मागे घेतलं नाही. आजही घेणार नाही. मामांनी ते वाचलं आणि पाटीवर लिहिलं, ‘पोरगं खरं बोलतंय.’

त्याच आठवड्यात ते हॉस्पिटलात शिकायला जाऊ लागले. तिथे असाच आवाज गेलेला एक जुना पेशंट नव्यांना शिकवायचा. घरी दिवसभर सराव. मामी पदर तोंडाला लावून हसायच्या, “न जेवताच पोट भरलं जनू!”

मामा आता नाहीत. पण पुढच्या हंगामातली ती सकाळ माझ्याजवळ आहे. देवगडचा एक बागायतदार पेट्यांशेजारी उभा होता. गिऱ्हाइकाने रुमाल पुढे केला, तो मामांनी बाजूला सारला आणि भाव तोंडाने सांगितला. तुटक, घोगरा. ऐकू यावा म्हणून हमाल हातगाड्या थांबवून उभे.

बागायतदार म्हणाला, “इतकी वर्सां आंबो घालतंय, माझो भाव आज माझ्या कानान् ऐकलंय.”

मामांनी हवा गिळली.

“मग... चा पाज.”