धक्का सोसायचा नाही

माझ्या पोटात काय शिजतंय ते आमच्या सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी बोलायच्या आधी कळतं. हे तेवढं तिला कळलेलं नाही. कुणालाच नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय — का बोलतोय, विचारू नका. हे मी केलं, हे माझं मलाच अजून खरं वाटत नाही. मी? मी केलं हे?

आत्तीपासून सुरू करतो. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माझी आई लवकर गेली, आत्तीचा नवरा त्याच्याही आधी गेलेला. तिला मूल नाही, मला आई नाही. तिनंच मला वाढवलं. शेंबूड काढण्यापासून लग्नात अक्षता टाकेपर्यंत सगळं तिनंच.

माझं फरशीचं दुकान आहे. 'इटालियन मार्बल घ्या' म्हणत अर्धा जन्म गेला, एकदा ती इटली बघू तरी, असं गमतीत निघालं आणि बेत वाढत गेला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस रेल्वेनं, मग गाडी भाड्यानं घेऊन डोंगरातली गावं. आम्ही चौघं, पुण्याचा मेव्हणा, त्याची बायको आणि आत्ती. सातजण म्हणून सात सीटची गाडी सांगितली.

दर रविवारी सकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लागायचा आणि आत्ती पदर सावरून पहिल्या रांगेत. तिनं बूट घेतले होते — नऊवारीखाली पांढरे बूट! तिकडं लई चालावं लागतंय म्हणून रोज रंकाळ्याला फेरी. भेटेल त्याला सांगायची, "मी इटलीला निघालोय की!" आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी तिनं मेव्हण्याला विचारलं, "पावणं, तितल्या रेल्वेत डबा उघडला तर चालतंय न्हवं? मी कडक भाकरी आन् ठेचा घेणार हाय." मेव्हण्याची बायको तोंडावर हात ठेवून हसली. एवढंच. कुणी अपमान केला का? नाही. पण तिकडच्या रेल्वेत ठेच्याचा वास, तिकीट तपासनिसाला खणखणीत 'ओ पावणं!' — सगळं डोळ्यासमोर आलं आणि मला लाज वाटली. आत्तीची. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो मी.

प्रवासाआधी सगळ्यांची तपासणी केली. आत्तीचे रिपोर्ट विचारायला मी एकटाच गेलो. डॉक्टर हसून म्हणाले, "त्याच तुम्हाला ओढत नेतील." दवाखान्यापासून घर ते केवढं लांब? तेवढ्या वाटेत माझ्या जिभेवर दुसरंच तयार झालं. "आत्ती, हृदय नाजूक झालंय म्हणाले. विमान नको. धक्का सोसायचा नाही." ते शेवटचं तर मी असंच जोडलं — खरं वाटावं म्हणून. जळो ती जीभ!

ती "व्हय?" म्हणाली. बूट पुसून पिशवीत घातले. आणि भाकरीचा डबा आमच्या बॅगेत भरून दिला.

इटलीत रेल्वेत काय, गाडीत काय, सातवी सीट रिकामी राहिली. तिच्यावर तो डबा. फ्लॉरेन्सच्या रेल्वेत एक म्हातारी मोठमोठ्यानं बोलत आली, समोर बसली आणि माझ्या पोरांच्या हातावर घरची बिस्किटं ठेवली. मेव्हण्याची बायको म्हणाली, "किती मोकळी माणसं असतात ना इथं!" मी मान डोलावली. तोंडात भाकरी होती.

परत आलो. आत्तीनं रंकाळा सोडला होता, तांबडा रस्सा सोडला होता, माडीवर येणं सोडलं होतं. आणि येईल त्याला कौतुकानं सांगायची, "बाळ्यानं येळंला तपासलं म्हणून वाचलो." अहो, माझ्यादेखत सांगायची! मी काय करत होतो? चहा पीत होतो.

इथंच थांबलं असतं तर — पण नाही थांबलं.

गेल्या वर्षी कुरुंदवाडहून फोन आला. आत्तीची धाकटी बहीण, म्हणजे माझी दुसरी आत्या शेवंता, अगदी शेवटाला आली होती. तिचा पोरगा म्हणाला, "मावशीला घेऊन ये. आई सारखी दाराकडं बघतीया." कुरुंदवाड म्हणजे काय, तासाभराची वाट. मी गाडीची किल्ली घेतली, तर सुजाता आडवी आली. "अहो, आत्तींना धक्का सोसायचा नाही ना? तुम्हीच सांगितलंत." आत्ती परसात होती. पोरं माझ्याकडं बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं हो. एकच! मी म्हणालो, "खरंय. मी एकटाच जातो."

शेवंतानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं. "आक्का?" म्हणाली. आक्काला बरं नाही, असं मी सांगितलं. मरणाऱ्या माणसाला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी गेली.

दिवस झाल्यावर आत्तीला सांगायचं ठरलं. आम्ही सगळे भोवती बसलो, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला. आत्तीनं ऐकलं. हंबरडा फोडला, भिंतीला टेकून मन मोकळं होईस्तोवर रडली. मग स्वतःच उठली, तोंड धुऊन आली. तिच्या हृदयाला काहीही झालं नाही. व्हायचं काय होतं त्याला?

मला जवळ बसवलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्यापासनं लपवताना तुला लई जड गेलं आसंल न्हवं, बाळ्या?"

मी "व्हय" म्हणालो.