‘कावून’ला बंदी

पाटोद्याच्या सभागृहात करिश्मानं फळ्यावर एकच शब्द लिहिला. कावून. मग त्यावर फुली मारली.

“दोन दिवस ह्यो शब्द बंद.”

समोर गावोगावच्या आशाताई बसल्या होत्या. मार खाल्लेली बाई आधी त्यांच्याच दारात येते. आली तर तिच्याशी कसं बोलायचं, याचं हे प्रशिक्षण. मागं सायली होती, करिश्माची कॉलेजातली मैत्रीण. मराठीत एम.ए. झालेली, करिश्माच्याच समुपदेशन केंद्रात नुकतीच लागलेली. तिला हा पोरखेळ वाटला. कावून म्हणजे साधं ‘का’. त्याच्यावाचून माणसानं बोलायचं कसं?

“ताई,” दगडाबाई नावाच्या आशाताई म्हणाल्या, “कावून काढून घेतला तर माझ्या तोंडात ऱ्हातंय काय? दात बी निम्मेच हायेत.”

सगळ्या खदखदल्या. करिश्माही हसली. “मावशी, या पुढं.”

तिनं दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या. मार खाऊन आलेली बाई ती स्वतः झाली.

“कावून मारलं गं—” दगडाबाईंनी जीभ चावली. “म्हंजी, तू काय केलतंस?”

“ही तर कावूनची सख्खी बहीण!” मागून कुणीतरी ओरडलं.

करिश्मा मान खाली घालून बसून राहिली. हसू विरलं.

“कावून म्हटलं की बाई सोताची चूक शोधाया लागती,” ती म्हणाली. “माझ्या आईचा हात मोडला, तवा दवाखान्यात इचारलं, कावून मोडला? म्हणाली, बैलानं मारलं. आमच्याकडं बैल कंदीच नव्हता.”

करिश्माच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या हातच्या भाकरी सायलीनं कितीदा खाल्ल्या होत्या. थापताना वाकडा राहणारा तो हात पाहिला होता. ऊसतोडीत मोडला असेल, असं धरून चालली होती.

दगडाबाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

“माझी लेक शिवकन्या सासरहून घरी आलीय,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपसून. रोज इचारते, कावून आलीस? भित्तीकडं तोंड करती.”

करिश्मानं सल्ला दिला नाही. उठली, त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

“आता तुमी शिवकन्या. मी आई.”

दगडाबाईंनी पदर पुढं ओढला.

“आलीस, बरं केलंस,” करिश्मा म्हणाली. आणि थांबली.

किती थांबावं माणसानं! बाहेर जीपवाला गिऱ्हाइकं हाकारत होता. आता हिनं काहीतरी बोलावं, असं सायलीला वाटत राहिलं. करिश्मा बोलली नाही. कंटाळलीही नाही. भिंतीला टेकावं तसं तिच्या त्या गप्प बसण्याला टेकता आलं असतं.

“आई,” दगडाबाई अखेर म्हणाल्या. आवाज त्यांचा राहिला नव्हता. “तू मला परत धाडशील, म्हणून बोलत न्हाई.”

स्वतःच्याच तोंडचं ऐकून त्या दचकल्या. चपला शोधू लागल्या.

“मी घरी जाते.”

“अवं, जेवण तरी—” मागून एक आशाताई म्हणाल्या.

“जाऊ द्या त्यान्ला,” करिश्मा म्हणाली.

वर्षानुवर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेली ही मुलगी सायलीला पहिल्यांदाच दिसत होती. संध्याकाळी बस स्टँडवर तिनं विचारलं, “शिवकन्या बोलेल?”

“ठाऊक न्हाई गं,” करिश्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई उशिरा आल्या. मागं एक पोरगी. उन्हातसुद्धा गळ्याभोवती स्कार्फ गच्च. ती दारातच थबकली. सायली दाराशी होती. कावून थांबलीस, हे जिभेवर आलंच होतं. तिनं गिळलं. शेजारची खुर्ची ओढली.

“आलीस, बरं केलंस.” आणि थांबली.

पोरगी खुर्चीच्या कडेवर टेकली. फळ्यावरची फुली पाहत राहिली. मग स्कार्फची गाठ सोडत म्हणाली,

“आई म्हणली, हितं कुणी कावून म्हणत न्हाई. खरंय का, ताई?”