तणमोरापायी मोडलेली शर्यत

आमचं मालक म्हंजी गुंडूतात्या. कोडोलीच्या आसपास बैलगाडी शर्यत असली की माईक ह्यांच्याच हातात. बोलायला लागलं की पार खालच्या मळ्यात ऐकू जातंय. घरातबी तसंच. चहा मागितला तर शेजारीण कप घेऊन यील, असला आवाज. मी आपली डोकं धरून बसते.

औंदा बेंदराच्या सणाची शर्यत गावच्या माळावर ठरली. आदल्या दिवशी हे चुन्याची फक्की मारायला गेलं आणि गवतात पायाजवळनं एक तपकिरी पाखरू उठलं. कोंबडीएवढं, पण मान लांब. खाली बघितलं तर अंडी. ह्यांनी फोटो काढून कोल्हापूरच्या सुष्मिताला धाडला. ती पोरगी पक्ष्यांचा अभ्यास करती, गेल्या साली आमचा माळ धुंडाळून गेलती. तिचा लगेच फोन. "काका, ही तणमोराची मादी. देशात थोडेच उरलेत हे पक्षी. तिथं गर्दी झाली तर घरटं गेलंच म्हणून समजा."

हे न जेवताच बसलं. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायची, तोच आपल्या हातानं मोडायचा? मी म्हणलं, "पाखरापायी गावाशी वाकडं घेताय व्हय?" तर मला म्हणतात, "तू बघितली न्हाईस तिला. मी जरा लांब गेलो, तशी परत यिऊन अंड्यावर बसली."

सांजच्याला ह्यांनी देवळाच्या भोंग्यावरनं सांगून टाकलं, "माळावर तणमोराची अंडी हाईत. उद्या तिथं मी बोलणार न्हाय. आणि कुणी गाड्या आणल्या तर म्होरं आडवा पडीन." झालं, सगळं गाव दारात. विजयसिंहाची बैलं औंदा पहिली येणार, अशी हवा होती. तो तर वाट्टेल ते बोलला. शर्यत शेजारच्या गावानं नेली, माईकबी दुसऱ्याला गेला. त्या दिवशी हे गोठ्यातनं भाईर आलं न्हाईत. मला लई वाईट वाटलं.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी विजयसिंह परत दारात. मी उलथनं घेऊनच भाईर आले. आता एक शब्द वावगा बोलला असता तर सोडणार नव्हते.

तो खाली बघत म्हणाला, "तात्या, आमचं कुत्रं माळावर हिंडायचं. तुम्ही भोंग्यावर सांगितलं तवापासनं साखळीला बांधून ठेवलंय त्याला. आता तरी सांगा की, पिल्लं निघाली का न्हाय?"

ह्यांनी डोळं पुसलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल. लांबनं दावतो."