सहलवाल्याचा पालथा पंजा

सन २०२४, माझं वय बहात्तर. जहाजाच्या सहलीत किनारा पाहायला आम्हाला लहान बोटीनं उतरवत होते. बोटीच्या टोकाला हळदकुंकू दिसलं म्हणून मी चपला काढल्या, ओल्या पायरीवर घसरलो अन् उजवा हात मोडला.

आमचा दिग्रसचा सहलवाला मोठा नम्र माणूस. कंपनीचा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहतो; गिऱ्हाईक आलं की बसल्याबसल्या "या काकाजी" म्हणतो. भरपाई मागायला गेलो तर आधी चहा सांगितला.

"काकाजी, जहाज येगळं, बोट येगळी, मी तं येगळाच. अनवाणी कायले उतरले?"

"पूजा केलेली बोट होती, बाप्पा."

"मंग देवालेच मागा भरपाई. नाहीतर ह्या कागदाले हो म्हणा, पुढच्या सहलीत सूट देतो."

"वाचून दाखव."

त्यानं वरचं वाचलं, खालचं वाचलं. मधल्या ओळींवर त्याचा पंजा पालथा पडलेला.

"मधात काय हाय?"

"मधात काई नाई, कायदा हाय."

सभ्यच माणूस. खोटं वाचवेना त्याच्यानं, म्हणून झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं यवतमाळला गेलो अन् ग्राहक आयोगात तक्रार दिली. सही येते मला, पण हात प्लास्टरात होता. म्हणून जन्मात पहिल्यांदा अंगठा उठवला.