नाव न घ्यायचं औषध

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते आणि डिचोलीकडच्या आमच्या गावातल्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. मराठी की कोंकणी यावरून मास्तर मंडळी रोज हमरीतुमरीवर यायची, आणि मीही तावातावाने भांडायचे. बोलण्यात आपल्याला कोणी हरवणार नाही, अशी माझी घमेंड होती. म्हणून आधीच सांगते, बोलायची खरी गरज मला एकदाच पडली आणि तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले.

बाबा खाणीवर ट्रक चालवत. दिवसभर तांबडी धूळ खाऊन आले की खिडकीशी बसून श्वास ओढत राहायचे. तो आवाज ऐकत आम्ही जेवायचो. शिरगावची जत्रा झाली त्या आठवड्यात दमा एवढा वाढला की त्यांनी रजा टाकली. गोळ्या चालू होत्या, पण आईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून तिने त्या माणसाला बोलावलं. आठवड्याच्या बाजारात तो एका टोकाला बसायचा. पुढ्यात घोरपडीचं तेल, साळिंदराचे काटे, कसलीशी वाळलेली कातडी. खरा माल मात्र मागणीप्रमाणे आणून द्यायचा, गोणपाटात, जिवंत. भर दुपारी तो आमच्या मागल्या दारी आला. खांद्यावरची गोण त्याने खाली ठेवली आणि ती आपोआप थोडी सरकली.

"दम्याक ह्याच्यासारख्या औषध ना," तो म्हणाला. "पण नाव घेवचा ना. खातलो तेकाय सांगूचा ना. नाव घेतला की गुण गेलो."

खाणाऱ्यालाही सांगायचं नाही; गावठी औषधाचं आमच्याकडे असंच असतं. पाला देणारा पाल्याचं नाव सांगत नाही, घेणारा विचारत नाही. शिकलेली असूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गोणीत वाघळं होती. देवचाराच्या वडावरची, हे न सांगता कळलं, कारण एवढी मोठी वाघळं आसपास दुसरीकडे नव्हतीच. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. त्याच्या वडाची डहाळीसुद्धा कोणी मोडत नसे. तिथे शेकडो वाघळं दिवसभर उलटी लटकून कलकलाट करायची, तो पार शाळेपर्यंत ऐकू यायचा. आईने त्या सकाळीच वडाखाली रोट आणि विडी ठेवली होती, म्हणजे तिचं आधीच ठरलं होतं.

तिने तीन घेतली. त्या माणसाने ती मारून दिली आणि आई मोरीमागच्या दगडावर साफ करायला बसली. मी बालदीने पाणी ओतत होते. वाघळाचं तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळे उघडेच होते. तिसऱ्याचा पंख उलगडला तर आत, छातीला घट्ट धरून, एक पिल्लू होतं. ते जिवंत होतं आणि आमच्याकडे बघत होतं.

"गो बाये माझ्या," आई म्हणाली, मला की त्याला कोण जाणे. सुरी बाजूला ठेवून ती त्याला हलकेच सोडवायला गेली आणि ते तिच्या अंगठ्याला चावलं. तिने हळद दाबली. पिल्लाला मी नेऊन वडाच्या खोडाला लावलं. ते वर चढेना. मी मान वर केली. निम्मं झाड रिकामं होतं, आणि जी उरली होती ती सगळी गप्प होती. मी तिथून जवळजवळ पळतच घरी आले.

बाबांनी कोंबडीची सागोती समजून खाल्लं. चार-पाच दिवसांत धाप उतरली. ते घरी होते, धुळीपासून लांब होते, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आईच्या जिवात जीव आला.

दहाव्या दिवशी तिला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणाली, मग उजेड नको म्हणाली, मग मधूनमधून मला ओळखेनाशी झाली. मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी तिला तपासलं. त्या वेळी ती शुद्धीवर होती.

"रानातला जनावर-बिनावर हाताळलां काय?"

"ना, दोतोर."

"मगे हो आंगठो?"

"आदोळेन कापलो." आदोळी म्हणजे विळी.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "खरां?"

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेतलं सगळं मला कळलं. नाव घेतलं तर घरी बाबांचा श्वास पुन्हा अडकणार. मी म्हटलं, "होय, दोतोर."

चौथ्या दिवशी ती गेली. कागदावर नुसता ताप लिहिला. ती वाघळामुळेच गेली असं मी म्हणत नाही. ते आता कधीच कळणार नाही, आणि कळू दिलं नाही ते मी.

पावसाळा सरला, पावसात थांबलेले खाणीचे ट्रक पुन्हा सुरू झाले, दमाही परतला. वडावर आता एकही वाघूळ नव्हतं. वर्गात मुलं लिहीत असली की मी कान देऊन तो कलकलाट ऐकू येतो का बघायचे. वाघळांनी टाकलेल्या काजूच्या बिया वेचायला बायका तिथे जायच्या, पुढच्या हंगामात तेही थांबलं. मग एकेक बाई कुजबुजू लागली, तो बाजारातला माणूस आमच्याकडेही आला होता. प्रत्येक घराला वाटत होतं, आपणच तेवढी दोन-तीन घेतली. नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात आणखी कोणाच्या घरी असा ताप आला, हेही कोणी विचारलं नाही.

बाबा पुढे बरीच वर्षं जगले, तसेच धापा टाकत. शेवटच्या वर्षी एका दुपारी म्हणाले, "तुझ्या आयेन तेव्हा सागोती केल्ली. ती खाल्ली आणि माका बरा वाटला. तशी एकदा कर गो."

मी त्यांच्यासमोर बसले आणि नाव घेतलं. मग पिल्लू, अंगठा, दोतोर, सगळंच सांगितलं. त्यांनी श्वास ओढून घेतला.

"माका वाचवूक तू गप रवलंस?"

"होय, बाबा."

"आणि तिका?"