शेवटच्या मालगाडीचा गोळा

माझ्या वडिलांना, अप्पांना, व्हाइटफील्डच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं त्या आठवड्यात मी त्यांची ट्रंक रिकामी केली. तळाशी खाकी शर्टात गुंडाळलेला एक पोलादी गोळा निघाला, क्रिकेटच्या चेंडूएवढा. त्यावर दोन स्टेशनांची आद्याक्षरं आणि एक आकडा कोरलेला होता. तो काय आहे ते मला लगेच कळलं. तो आमच्या घरात कसा, हे कळेना.

अप्पा कोळशाच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. होसकोट्यापलीकडच्या एकेरी रुळाच्या शाखेवर ते मालगाडी चालवत. दगडी फरशा, विटा, चिंच. ट्रक वाढत गेले तसे डबे कमी झाले. शेवटच्या वर्षी पाच डब्यांसाठी ते अवाढव्य इंजिन पेटवलं जाई. लहानपणी मी दोनदा त्यावर चढले होते. चढ लागला की अप्पा त्याला बैलासारखं गोंजारत, कानडीत ‘स्वल्प, स्वल्प’, थोडंसंच राहिलं, म्हणत. आता त्या रुळांच्या जागी सर्व्हिस रोड आहे.

असा गोळा म्हणजे एकेरी रुळावर गाडी न्यायची परवानगी. नियम सोपा होता. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने स्टेशन सोडायचं नाही. पुढच्या स्टेशनमास्तरांनी तो आपल्या यंत्रात टाकेपर्यंत त्या रुळावर दुसरी गाडी येऊ शकत नसे. शाखा बंद झाली त्या दिवशीच्या गाडीचा गोळा यंत्रात पडला नाही. ठपका स्टेशनमास्तरांवर आला. त्यांना गाड्यांच्या कामावरून काढून मालगोदामात बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते महादेवपुऱ्याला राहतात आणि अप्पा आमच्याकडे आल्यापासून रोज संध्याकाळी कॉफीला येतात.

मी गोळा अप्पांपुढे ठेवला. त्यांनी नाकारलं नाही. इंजिन भंगारात जाणार होतं. नंबरप्लेट साहेबांनी नेली, शिट्टी शेडमधल्यांनी. गोळा जवळ असेपर्यंत नियमाने ती लाइन आपल्याच गाडीची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं, असं ते म्हणाले. मग चौकशी आली. गोळा स्टेशनमास्तरांच्या हातात दिला, असं त्यांनी लिहून दिलं.

रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणारे माझे वडील.

अण्णांना सांगा, मी म्हणाले. सांगितलं तर तो यायचा बंद होईल, अप्पा म्हणाले. त्या लाइनीबद्दल बोलायला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

तरी दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं. अण्णा आले ते कुरकुरतच. “तुझी मालगाडी बरी रे. एका सिग्नलला अर्धा तास.” अप्पांनी कॉफीच्या कपाशेजारी गोळा ठेवला आणि जे मला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने सांगितलं.

अण्णांनी गोळा उचलला. चष्मा वर करून आकडा वाचला. “चौकशीत साहेब म्हणत होते, ड्रायव्हरनं ठेवला असेल. मीच म्हटलं, तो नाही ठेवायचा.”

अण्णांनी गोळा परत कपाशेजारी ठेवला.

“तू दिला म्हणून लिहिलंस. मग मलाही आठवायला लागलं. तू वरून वाकून दिलास, मी घेतला, गरम होता. इतकी वर्षं मी तो कुठं ठेवला ते आठवतोय.”

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

पुढचं अण्णा माझ्याकडे बघत बोलले. त्यांच्या घरी त्यांच्याकडे किल्ली देत नाहीत. गॅस बंद केला का, म्हणून सून दोनदा बघते. हे अलीकडचं नाही. त्यांची बायको असल्यापासूनचं आहे. गोळा हरवणारा माणूस, अशी घरात थट्टा चाले आणि तेही हसत.

“लिहून दे,” ते अप्पांना म्हणाले. “घरी दाखवीन.”

अप्पांचा हात थरथरतो. तुम्ही सांगा, मी लिहिते, असं म्हणत मी कागद ओढला.

“तू नको, अक्का,” अण्णा मला म्हणाले. “तेव्हा त्यानंच लिहिलं होतं.”

अप्पांनी पेन घेतलं. पहिली ओळ पुरी व्हायला बराच वेळ लागला. अण्णा बसले नाहीत. कॉफीला हात न लावता ते उभ्याउभ्या कागदाची वाट पाहत राहिले.