ती व्यक्ती

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, असं अल्लीपुरात सगळ्यांना सांगतात. वहिनी मराठी घेऊन बी.ए. झाली आहे, पण ते तिच्या माहेरचं शिक्षण, म्हणून ते कोणी धरत नाही. मीही कधी धरलं नव्हतं.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं मला वर्ध्याच्या रविवारच्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. विषय होता, बायकांना वकील होण्यासाठी काय सोसावं लागलं. नेमकी त्याच रविवारी नागपूरला वहिनीची वकिलीची प्रवेश परीक्षा होती. त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं डोळ्यात औषध टाकायला कोणीतरी घरी हवं होतं. दादा म्हणाला, "माह्याच्यानं ते थेंब जमत नाई." मग सगळे वहिनीकडे बघायला लागले. मी पण.

"मी राह्यतो घरी," ती म्हणाली. "परीक्षा काय, पुढच्या साली बी येते."

'नाही, तू जा,' असं मी म्हणायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी पाणी प्यायले.

आदल्या संध्याकाळी वहिनी पोळ्या लाटत होती आणि मी तिला भाषण म्हणून दाखवत होते. कायद्यात लिहिलं होतं, पात्र व्यक्तीला वकिली करता येईल. एका बाईनं अर्ज केला, तर कोर्ट म्हणालं, त्या शब्दात बाई येत नाही. "तो व्यक्ती बाई असू शकत नाही!" मी हात उंचावून म्हणाले.

वहिनीचं लाटणं थांबलं. "तो व्यक्ती?"

"हो. काऊन?"

"बाई, ते हिंदीत. आपल्या इकडं सगळेच तसं बोलून राह्यले. मराठीत 'ती व्यक्ती'. माणूस असला तरी तीच." मग ती हसली. "कोर्टानं मराठीत वाचलं असतं, तर तुह्या त्या बाईले तवाच सनद भेटली असती. माणसांयलेच विचारत बसा लागलं असतं, आम्ही व्यक्ती हाओत का म्हणून."

डोळ्यांना काळा चष्मा लावलेली आई खाटेवरून म्हणाली, "पोळी जळून राह्यली, वकिलीनबाई."

आम्ही दोघींनी वर पाहिलं. ती कोणाला म्हणाली, ते कळलं नाही. पोळी वहिनीनं उलटली.

दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर वहिनीचं ते बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सभागृह आधी हसलं, मग टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. परीक्षक बाईंनी विचारलं, "हे कुठं सुचलं तुम्हाला?"

"भाषण लिहिताना," मी म्हणाले. हे काही अगदीच खोटं नाही, असं परतीच्या बसमध्ये स्वतःला समजावत आले. पटलं नाही.

घरी पोचले तेव्हा वहिनी आईची पापणी दोन बोटांनी धरून थेंब टाकत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "ते व्यक्तीवालं सांगतलं का?"

"हो."

"हसले?"

"टाळ्या वाजवल्या."

"बरं झालं."

बॅगेतला बक्षिसाचा कप माझ्याच्यानं बाहेर काढवेना. "वहिनी, पुढच्या साली मी राहीन घरी," मी म्हणाले.

"पुढच्या साली तुह्या परीक्षा राहतीन," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण मागायला हात पुढं केला. ते माझ्याच पायाशी पडलं होतं.